निळ्या खोळींची मोजणी

समस्त नागरिकांस, विशेषतः मौजा कामठा व पंचक्रोशीतील सुज्ञ जनतेस, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आमच्या शेतात रोवणीला आलेल्या बायकांसाठी चहाचे किती ग्लास न्यायचे ही मोजणी यापुढे डोकी पाहून करण्यात येईल. खोळी पाहून करण्यात येणार नाही. जुनी पद्धत कायमची रद्द समजावी. या निर्णयामागे प्रथिनांच्या रचनेतील एक गहन शास्त्रीय घटना असून तिची जबाबदारी सर्वस्वी प्रस्तुत लेखकावर, म्हणजे कनिष्ठ महाविद्यालयात गेली बावीस वर्षं जीवशास्त्र शिकवणाऱ्या आणि दिवाळीनंतर भरणाऱ्या गावच्या मंडईत, म्हणजे जत्रेत, नाटकातला राजा होणाऱ्या माझ्यावर आहे. शांतता राखावी. लेकरांना मांडीवर घ्यावं. पडदा वर जातो आहे.

पडदा वर गेला की दिसते ती रोवणी, म्हणजे भाताची लावणी. यंदाही आली. सकाळी धुऱ्यावर उभा राहिलो की आधी नाकाला कळतं. कालवलेल्या चिखलाचा तो वास, थोडा शेवाळाचा, थोडा गंजलेल्या फाळाचा, आणि त्यात नुकत्याच उपटलेल्या परह्यांचा कच्चा हिरवेपणा. परहे म्हणजे धानाची कोवळी रोपं. त्यांच्या पेंढ्या बांधीभर फेकलेल्या असतात, आणि बांधी म्हणजे आमच्याकडचा धानाचा तुकडा, चहूबाजूंनी मातीचा धुरा घालून पाणी धरून ठेवलेला. मग कानाला कळतं. डझनभर बायकांचे हात एकाच वेळी चिखलात जातात आणि बाहेर येतात, तेव्हाचा आवाज मला अजून कुठल्याच अक्षरांत पकडता आलेला नाही. एखादी म्हैस कळणा खाता खाता विचारात पडली तर असाच आवाज करील. वर बिरशीच्या विमानतळावरचं शिकाऊ विमान घिरट्या घालत असतं आणि खाली वाकलेल्या बायका मान न उचलता त्याचे गुण-दोष सांगत असतात.

“आज कोन्तं पोट्टं शिकून राह्यलं वं? लयच हालून राह्यलं.”

“नवं असन. त्याच्या मायले घोर लागला असन.”

मी धुऱ्यावर उभा राहून, हात लांब करून, एकेका डोक्यावर बोट रोखत मोठ्यानं मोजतो. एक, दोन, तीन. बायका खुसखुसतात. कुणीतरी ओरडतंच, “गुर्जी, डोकशी मोजा बरं, डोकशी!” मी दरबारी थाटात मान झुकवतो. घरी जाऊन राणीसाहेबांना, म्हणजे आमच्या सौ. रेखाला, आकडा सांगतो. ती तरीही एक ग्लास जास्तीचा ठेवते. नवऱ्याच्या गणितावर तिचा विश्वास नाही, आणि तो का नाही याचीच ही हकिकत आहे. दुपारी पुण्याहून पुतणीचा, रोशनीचा, फोन येतो. माझी तब्येत, पाऊसपाणी, सगळं मागाहून. पहिला प्रश्न ठरलेला: “मोठे बाबा, इमलाबाई आल्या का रोवणीला?”

आल्या की. त्या नसतील तर कोयती नावाच्या बांधीचा कोपरा कोण भरणार?

तीन वर्षांपूर्वीची रोवणी मला फार आवडते. म्हणजे तेव्हा आवडत होती असं नाही. तेव्हा माझी अब्रू जात होती. पण काही ऋतू लोणच्यासारखे असतात, मुरल्यावरच गोडी कळते. त्या वर्षी पाऊस शहाण्यासारखा वागला होता. पाणी हवं तेव्हा पाणी, उघडीप हवी तेव्हा उघडीप. परहे कमरेत वाकतील इतके लुसलुशीत झाले होते. आणि एका मंगळवारी सकाळी आमच्या छपरीत, म्हणजे पडवीत, माझी पुतणी रोशनी येऊन उभी राहिली. एका खांद्यावर लॅपटॉप, दुसऱ्या खांद्यावर पिशवी, आणि चेहरा असा की नाटकात तिसऱ्या अंकात नायिकेला हवा असतो आणि कधीच जमत नाही.

“मोठे बाबा, मी रविवारपर्यंत राहते. कारण विचारू नका.”

रोशनी माझ्या धाकट्या भावाची मुलगी. वाढली नागपुरात, पीएच.डी. करत होती पुण्यात. धानाच्या रोपातल्या एका एन्झाइमवर तिचं काम. मी तिला आवर्जून कारण विचारलं नाही. पंधरा मिनिटं. सोळाव्या मिनिटाला विचारलं. तिनं सांगितलं नाही. माझ्यातल्या राजाचा अपमान झाला, पण माझ्यातल्या मास्तराला सवय आहे. वर्गात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सहसा दुसऱ्या दिवशीच येतं. तसंच झालं. बुधवारी सकाळी छपरीत बसून मुर्रा, म्हणजे कुरमुरे, आणि कच्चा कांदा खाता खाता, एक मूठ तोंडात आणि एक मूठ हातात असताना, ती एकदम बोलायला लागली.

ते मी तुम्हाला माझ्या शब्दांत सांगतो. मी शिकवलेलं पोरांना कळतं असा माझा समज आहे, तो मोडू नका.

प्रथिन म्हणजे मण्यांची लांब माळ. मणी वीस प्रकारचे, त्यांना अमिनो आम्लं म्हणायचं. माळेत गुंफलेल्या मण्याला पाठ्यपुस्तकात ‘अवशेष’ म्हणतात, जणू काही जळून मागे उरलेलं. मी आपलं मणीच म्हणणार. ही माळ सरळ लोंबत नाही. सुतळी खिशात कोंबावी तशी ती स्वतःवर दुमडते, वळते, आणि एका ठरावीक आकारात बसते. मग गंमत होते. माळेत एकमेकांपासून शंभर मणी दूर असलेले दोघं दुमडताना नाकाला नाक लावून बसलेले सापडतात. असं कोण कुणाला टेकलं आहे, कुणाच्या आधारानं कोण उभं आहे, याची यादी करायची. या यादीवरून कळतं की हे सगळं घर कशावर तोललं आहे. रोशनी ही यादी करत होती.

“टेकलं म्हणजे किती जवळ?” मी परीक्षकाच्या आवाजात विचारलं.

“आठ अँगस्ट्रॉमच्या आत.”

मिलिमीटरचे एक कोटी तुकडे करा, त्यातले आठ घ्या. इतकं.

“आणि माळेतले शेजारी धरायचे नाहीत,” ती म्हणाली. “ते जवळ असणारच ना. त्यांनीच यादी भरून जाते.”

“बरोबर. म्हणजे रोवणीच्या रांगेत शेजारशेजारच्या दोघी बोलल्या, यात बातमी नाही. या टोकाची त्या टोकाशी बोलली तर बातमी.”

ती दोन दिवसांत पहिल्यांदा हसली. मला फार बरं वाटलं. लगेच उठून मी तिला ती बातमी दाखवायला शेतावर नेलं.

आमच्या एका बांधीचं नावच कोयती आहे. तिचा धुरा कोयत्यासारखा वळतो. बायका रुंद बाजूला ओळीनं उभ्या राहून मागं मागं सरकत रोवत येतात, आणि वळणापाशी आल्या की त्यांची ओळ वाकते. वाकता वाकता ओळीची दोन टोकं समोरासमोर येतात. सकाळपासून ज्या दोघींमध्ये दहा जणी होत्या, त्या अचानक एकमेकींच्या तोंडात तोंड घालून सासूचं गाऱ्हाणं सांगू लागतात. रोशनी छत्री धरून बघत राहिली. “अगदी अस्संच,” ती म्हणाली, आणि चेहरा पुन्हा तिसऱ्या अंकात गेला. मग धुऱ्यावरच, पायाशी बेडूक उड्या मारत असताना, खरं कारण बाहेर आलं.

तिच्या एन्झाइममध्ये एक मणी होता. ग्लायसीन नावाचा. मी बावीस वर्षं फळ्यावर लिहीत आलो आहे, ‘सर्वांत लहान अमिनो आम्ल: ग्लायसीन’, एक गुण. बाकीच्या प्रत्येक मण्याला माळेच्या बाहेर आलेली एक फांदी असते, ग्लायसीनला म्हणावी अशी फांदीच नाही. तर हा बिनफांदीचा मणी धानात त्या जागी होता, गव्हात होता, मक्यात होता, जिथे जिथे हे एन्झाइम तिथे तिथे त्या जागेवर हाच. प्रयोगशाळेत त्याच्या जागी दुसरा, थोडा मोठा मणी घातला की जरा उष्णता लागताच एन्झाइमचं घर कोसळत होतं. म्हणजे हा मणी महत्त्वाचा. पण रोशनीची यादी सांगत होती की तो कुणालाही टेकलेला नाही. शून्य. एकटाच. तिच्या प्रबंधातलं सबंध प्रकरण याच प्रश्नावर उभं होतं, आणि चार महिने डोकं घालूनही उत्तर तेच येत होतं. मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या होत्या, अगं, फांदी नाही त्याला, तो कुणाला टेकणार? दुसरं कारण शोध, नाहीतर प्रकरण काढून टाक. सोमवारी तिला समितीपुढे उभं राहायचं होतं, आणि ते प्रकरण काढलं तर समितीपुढे ठेवायला तिच्याकडे काही उरत नव्हतं.

“मी मेल लिहून ठेवलाय,” ती पाण्याकडे बघत म्हणाली. “मॅडमना. सोडते आहे म्हणून. फक्त पाठवायचा बाकी आहे. माझ्यात नाहीये ते, मोठे बाबा.”

मी राजा असतो तेव्हा मला अशा जागी सव्वा पान भाषण असतं. धुऱ्यावर एक वाक्य सुचलं नाही. मी म्हटलं, “चल, चहाची वेळ झाली.” माणसाला काही सुचलं नाही की चहाची वेळ होते.

आता खोळींकडे येतो. त्या वर्षी मी गोंदियाच्या बाजारातून निळ्या मेणकापडाच्या खोळी आणल्या होत्या. डोक्यावरून पाठीवर उतरणारी खोळ, म्हणजे वाकून रोवताना पाठ कोरडी राहते. दुकानदार म्हणाला, “क्या गुरुजी, पूरी बारात भिगोनेवाले हो क्या?” मी म्हटलं, “भिगोने नहीं, बचाने.” बायकांना खोळी फार आवडल्या. फक्त इमलाबाईनं परत केली. इमलाबाई पन्नाशीची, टोळीतली सगळ्यांत लहानखुरी. पदर डोक्यावरून घट्ट आवळून बांधलेला, बस. म्हणाली, “मले नोको जी. ते पाठीवर फडफडते. मंग मले वाटते कोनी मांगून माह्या चुगल्या करून राह्यलं.” मी ती खोळ स्वतःच्या हातानं घडी घालून कपाटात ठेवली. हे लक्षात असू द्या. स्वतःच्या हातानं.

टोळीतल्या बायका रोज कमी-जास्त होत. कुणाची घरची रोवणी निघे, कुणाचं लेकरू तापानं फणफणे. म्हणून चहाच्या आधी मोजणं आलं. मी आपली शास्त्रीय पद्धत काढली. रस्त्याकडच्या धुऱ्यावर उभं राहायचं आणि दुरूनच निळ्या खोळी मोजायच्या. वाकलेल्या बायकांची डोकी कुठे दिसतात? चिखलात तपकिरी, काळं, हिरवं सगळं एकमेकांत मिसळलेलं, पण निळं चटकन उठून दिसतं. मी खूश. घरी आकडा सांगायचा, रेखा तितके ग्लास मोजून टोपलीत घालायची, मी किटली आणि टोपली धुऱ्यावर नेऊन पहिल्या बाईच्या हाती द्यायचो आणि ग्लास वाटले जात असताना विमानाकडे बघत उंच आवाजात चार राजेशाही वाक्यं फेकायचो. बुधवारी असं झालं. गुरुवारी असं झालं. दोन्ही दिवस इमलाबाईला ग्लास मिळाला नाही. शेजारणीनं आपल्यातला अर्धा दिला. मला याचा पत्ताही नव्हता.

टोळीनं मात्र कारण शोधून काढलं होतं. चुकीचं, पण माझ्या चारित्र्याशी सुसंगत. आदल्या वर्षीच्या मंडईत मी सिंहासनावरून उठून शत्रूला ललकारलं तेव्हा माझी डावी मिशी सुटली आणि उजव्या मिशीला धरून लोंबू लागली. मांडवात एक क्षण शांतता होती, आणि त्या शांततेत एकच बाई खो खो हसली. इमलाबाई. तिच्यामागोमाग अख्खा गाव. म्हणून गुरुवारी संध्याकाळी घरी जाताना बायका आपापसात म्हणत होत्या, गुर्जी मिशीचा बदला घेऊन राह्यला. हे मला नंतर कळलं. मी इतका खुनशी आहे असं त्यांना वाटलं, याचं मला दुःख झालं. आणि माझी मिशी त्यांच्या लक्षात आहे, याचा आनंद.

शुक्रवार. ऊन आणि पावसाची सर यांचा लपंडाव चाललेला. सकाळपासून वीज गेलेली. रोशनी छपरीत बसून यादी सतराव्यांदा उघडत होती, मिटत होती. लॅपटॉपची बॅटरी सरत आलेली. चारच्या सुमाराला मी म्हटलं, चल, पाय मोकळे कर, टोपली धर. ती माझ्यामागून निघाली. आज पुन्हा कोयतीच होती, बुधवारी अर्धी राहिलेली, आणि ओळ वळणाच्या अगदी आत आली होती. मी किटली ठेवली, घसा खाकरला, आणि “हे वीरांगनांनो” इतकं म्हटलं असेल-नसेल, तोच खालून आवाज आला.

“थांबा जी, गुर्जी.”

इमलाबाई. कोपरापर्यंत चिखल, हातात परह्यांची अर्धी पेंढी. बाकीच्या ताठ झाल्या. विमानसुद्धा त्या क्षणी गप्प झालं असं मला आठवतं, पण ते माझ्यातल्या नटाचं काम असावं.

“तीन दिस झाले. मले चा नाही. कायले नाही? हासली मी, हासली. मिशी लोंबली तं मानूस हासनार नाही का? तुमी असता तं तुमीबी हासले असते. त्याचा राग असन तं तोंडावर सांगा. चा नोका बंद करू.”

“इमलाबाई, देवाशपथ, कसला राग?” मी गडबडलो. “मी तर रोज मोजून ग्लास आणतो. आजही मोजले. अकरा निळ्या खोळी, अकरा ग्लास.”

बोललो आणि बोलल्याबरोबर मला ऐकू आलं मी काय बोललो ते. पण तोवर तिलाही ऐकू आलं होतं. तिनं आधी ओळीकडे बघितलं, मग स्वतःच्या डोक्यावरच्या ओल्या पदराला हात लावला.

“म्हंजे तुमी खोली मोजता?” ती म्हणाली. “अन् ज्याले खोल नाही तो मानूसच नाही? मी इथं वाकून वाकून मरून राह्यली, अन् तुमच्या हिशेबात मी हाओच नाही!”

काय हशा उठला म्हणून सांगू. बायका हसता हसता चिखलात बसल्या. एकीचा तोल गेला, तिनं दुसरीला धरलं, दोघी गेल्या. मी उभा. डोळ्यांसमोर घडी घालून कपाटात ठेवलेली निळी खोळ. आणि माझ्या बाजूला रोशनी हसत नव्हती. तिचं तोंड उघडं होतं. ती इमलाबाईकडे बघत होती, म्हणजे कोपऱ्यातल्या त्या जागेकडे. कोयतीच्या अगदी वळणात धुरा इतका आत येतो की खोळवाली बाई तिथे वाकली की तिची खोळ धुऱ्याला घासते आणि शेजारणीलाही लागते. तिथे रोवायला नेहमी इमलाबाईच जाते. अंगावर काही बाहेर आलेलं नाही, लहानखुरी, ती बरोबर मावते. आणि तिच्या एका बाजूला ओळीचं हे टोक, दुसऱ्या बाजूला ते टोक, पुढे दोघी, मागे धुरा. सगळ्यांची पाठ, कोपर, बोलणं, पेंढी मागणं तिच्याशीच. ओळ तिच्याभोवती वळली होती.

“फांदी,” रोशनी म्हणाली. “मी फांदी मोजत होते.” आणि पळाली.

छत्री धुऱ्यावर, चप्पल चिखलात, ही पोरगी अनवाणी पळत सुटली. दोनदा घसरली. मी मागून. माझं पळणं नाटकात बरं दिसतं, धुऱ्यावर नाही. रेखा अंगणात ओरडली, “साप निघाला का वो?” छपरीत पोचेपर्यंत रोशनी चिखलाच्या हातांनीच लॅपटॉप उघडून बसली होती.

तिनं चार महिन्यांपूर्वी स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅमची एक ओळ मला दाखवली. दोन मणी जवळ आहेत की नाही हे ती प्रत्येक मण्याच्या फांदीतल्या पहिल्या अणूवरून ठरवत होती. सोपी पद्धत, बरेच जण वापरतात. पण एखाद्या मण्याला तो अणूच नसला की प्रोग्रॅम अडून बसे. तो अडू नये म्हणून तिनं घाईत लिहिलं होतं: अणू सापडला नाही तर पुढच्या मण्याकडे जा. ग्लायसीनला फांदी नाही. म्हणून प्रोग्रॅम एन्झाइममधल्या प्रत्येक ग्लायसीनपाशी येऊन, काहीही न बोलता, पुढे निघून जात होता. आणि यादीत त्याच्यापुढे शून्य. शून्य म्हणजे टेकलेला नाही असं ती समजली, मॅडम समजल्या, फळ्यावर एक गुण वाटणारा मीही समजलो असतो. खरं तर त्याचा अर्थ इतकाच होता की त्याला कुणी मोजलंच नाही.

“सगळेच्या सगळे ग्लायसीन शून्य होते, मोठे बाबा. मला संशयसुद्धा आला नाही. मला वाटलं, लहान आहे, त्याचं कोण असणार?”

तिनं ती ओळ खोडली. आता एकाच अणूवर न विसंबता मण्यातले सगळे अणू धरायचे आणि त्यांच्यातलं जवळात जवळचं अंतर बघायचं, असं लिहिलं. त्या हिशेबाला मर्यादाही आठपेक्षा आखूड लागते, तीही बदलली. लॅपटॉपच्या कोपऱ्यात बॅटरीचं चिन्ह लाल झालं होतं. वीज नव्हतीच. रेखा दारात, मी गुडघ्यावर, आणि आम्ही दोघं त्या लाल चिन्हाकडे अशा नजरेनं बघतो आहोत, जशा नजरेनं मी आयुष्यात कुठल्याही निकालाकडे बघितलं नाही. आकडे सरकले. थांबले. रोशनीनं बोटानं ओळ शोधली.

माळेतले शेजारी सोडून, नऊ.

नऊ मणी त्या एका चिमुकल्या मण्याला टेकले होते. एन्झाइमच्या ऐन वळणात, जिथे माळेचे दोन दूरचे भाग एकमेकांना खेटून जातात, तिथे तो बसला होता. फांदी नसल्यामुळेच बसला होता. फांदीवाला तिथे मावलाच नसता. घातला की दोन्ही भाग दूर ढकलले जात आणि घर कोसळे. एवढं आम्ही वाचलं आणि लॅपटॉप बंद पडला. पडू दे म्हटलं. रोशनी रडली, मग हसली, मग तिनं मोबाइलवरून तो मेल उघडला आणि आमच्यासमोर खोडून टाकला. रेखानं तिच्या पायांवर तांब्याभर पाणी ओतलं, कारण सारवलेल्या छपरीत चिखलाची पावलं उमटली होती.

शनिवारी वीज आली, मॅडमना फोन झाला. त्या म्हणाल्या, “माझ्याही लक्षात आलं नाही गं.” हे म्हणायला मोठं मन लागतं, मी तरी वर्गात अजून म्हटलेलं नाही. सोमवारी समितीनं प्रकरण मान्य केलं. आता प्रबंध पुरा होत आला आहे, आणि ते प्रकरण त्यात ताठ मानेनं बसलं आहे.

मला मात्र त्या ऋतूनं एक खोड लावून ठेवली. वर्गात मी हजेरी घेतो, प्रश्न विचारतो, हात वर होतात, मी हात मोजतो आणि म्हणतो, शाब्बास, इतक्यांना कळलं. आता हात मोजून झाले की खाली ठेवलेल्या हातांकडेही बघतो. तिसऱ्या बाकावर भिंतीला टेकून एक पोरगी बसते. तोंडातून शब्द काढत नाही. पण मधल्या सुट्टीत वर्गातल्या निम्म्या वह्या तिच्याकडे असतात. बिरशीचं विमान डोक्यावरून जातं तेव्हाही माझ्या मनात येतं, वर बसलेल्या त्या पोराला आमची बांधी कशी दिसत असेल? हिरव्यात निळे ठिपके, बस. तो आपल्या गावी फोन करून सांगत असेल, खाली अकरा बायका रोवत होत्या. त्याला दोष देता येत नाही. तो फार उंचावर आहे. मी धुऱ्यावर होतो, बांधीपासून वीस पावलांवर, आणि खोळ माझ्याच कपाटात होती.

शेवटचं दृश्य रविवारचं. रोवणीचा शेवटचा दिवस, आणि दुपारी रोशनीची गाडी. आमच्याकडे शेवटची पेंढी रोवून झाली की मालकाला चिखल माखल्याशिवाय रोवणी संपत नाही. त्या वर्षी माखण्यात विशेष उत्साह होता. एकीनं माझ्या ओठांवर चिखलाची मिशी काढली, चांगली पक्की, आणि म्हणाली, “हे नाही लोंबत, गुर्जी!” सगळ्यांत मोठ्यानं कोण हसलं ते सांगायला नको.

मग चहा आला. रेखा स्वतः घेऊन आली होती, आणि पहिला ग्लास तिनं इमलाबाईच्या हातात दिला, काठोकाठ. रोशनी प्रवासाच्या कपड्यांत धुऱ्यावर उकिडवी बसली आणि तिनं लॅपटॉप इमलाबाईकडे वळवला. पडद्यावर रंगीत मण्यांचा गुंता फिरत होता, मधोमध एक बारीकसा मणी पिवळा केलेला.

“हे बघा, इमलाबाई. हे धानाच्या रोपाच्या आत असतं. आणि ही मधली सगळ्यांत लहान. हिला काही फांदी नाही, म्हणून ही इतक्या अडचणीच्या जागी मावते. हे सगळे तिला टेकून उभे आहेत. ही नसली तर सगळं पडतं. आणि मी चार महिने हिला मोजलंच नव्हतं. तुम्ही परवा बोललात, तेव्हा कळलं.”

बायका भोवती गोळा झाल्या. इमलाबाईनं चिखलाचा हात पदराला पुसला, पडद्याच्या अगदी जवळ तोंड नेलं, त्या पिवळ्या मण्याकडे बराच वेळ बघितलं. मग हातातल्या वाफाळत्या ग्लासाकडे बघितलं. मला वाटलं, आता ही काहीतरी मोठं बोलणार, आणि मी माझी चिखलाची मिशी सावरून तयारीत राहिलो.

“चार मयने मोजलंच नाही म्हंतेस,” ती एकदम बोलून गेली, “मंग त्या बिचारीले आतातरी चा भेटला का नाही वं?”